पावसाआधीची पालवी

एप्रिलमध्ये गॅलरीतल्या मोगऱ्याला दोन दिवस पाणी घालायचं राहिलं की तो माना टाकतो. त्याच एप्रिलमध्ये कर्जतच्या पुढे, भीमाशंकरच्या पायथ्याच्या उतारावर, कुसुंबाची झाडं नखशिखांत लाल पालवीने भरलेली असतात. त्यांना मागच्या ऑक्टोबरपासून कुणी पाण्याचा थेंबही घातलेला नसतो. ओढ्यात नुसते गोटे उरलेले असतात, गवत वाळून गेलेलं असतं, माती हातात धरली तर भुरभुरते. खात्रीचा पाऊस जूनमध्ये, म्हणजे अजून दोन महिन्यांनी. अशा वेळी झाडाने शहाणपणा करायचा तर आहे ते सांभाळून बसावं, नवा खर्च काढू नये. पण डोंगरातली असंख्य झाडं नेमकं उलट करतात. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत ती नवी कोरी पानं काढतात.

चैत्रपालवी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की त्यातलं कोडं दिसेनासं झालंय. थंड प्रदेशातला वसंत समजायला सोपा आहे. बर्फ वितळतो, जमिनीला पाणी मिळतं, ऊब येते आणि पानं फुटतात. आपल्या डोंगरातल्या वसंतात ऊब वाढते, पण पाणी रोज कमीच होत जातं. मग ही पालवी कशाच्या जिवावर? आणि जून दोन महिन्यांवर असताना इतकी घाई कशासाठी? दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका दिवसाच्या डोंगरवाटेवर चालता चालता दिसू शकतात. काय पाहायचं, एवढं मात्र माहीत हवं.

खांडसपासून वर

कर्जतहून कशेळेमार्गे खांडस गाठलं की भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटा मिळतात. शिडी घाटाची वाट कड्याला लावलेल्या शिड्यांवरून जाते; ती जवळची, पण अवघड. गणेश घाटाची वाट लांबची, रुळलेली, आणि बराच वेळ झाडीतून जाणारी. आपल्याला झाडंच बघायची आहेत, तेव्हा गणेश घाट. खांडसपासून माथ्यापर्यंत साधारण ८०० मीटरची चढाई आहे. थांबत, बघत गेलं तर पाच-सहा तास लागतात.

सुरुवातीच्या उतारावर पानगळी जंगल आहे, म्हणजे वर्षातून एकदा सगळी पानं गाळणाऱ्या झाडांचं रान. मार्चअखेरीस इथे एकाच वेळी तीन तऱ्हेची झाडं शेजारी शेजारी दिसतात. साग अजून उघडा, त्याची मोठाली वाळकी पानं वाटभर पसरलेली, पाय टाकला की मोठा आवाज करणारी. पळस, पांगारा, काटेसावर यांना फुलं येऊन गेलेली किंवा शेवटची फुलं फांद्यांवर असलेली, पण पान नाही. आणि कुसुंब, कुंभा, पिंपळ, आंबा यांच्यावर ताजी पालवी. माती एकच, ऊन एकच, पाऊस कुणालाच नाही. तरी तिघांचे तीन हिशेब. हा फरकच कोडं सोडवायला उपयोगी पडतो.

पान म्हणजे पाण्याचा खर्च

पानाच्या पृष्ठभागावर, बहुतेक झाडांत खालच्या बाजूला, सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर ही रंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की आतली पाण्याची वाफ बाहेर पडते. सौदा फार महागाचा आहे. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे काही शे रेणू हातचे जातात. पानातून पाणी उडालं की ते खालून पाणी ओढतं. खोडातल्या केसाहून बारीक नळ्यांमधून पाण्याची अखंड धार मुळांपासून शेंड्यापर्यंत अशी खेचली जाते. झाडाला पंप नाही. पानातून उडणारं पाणीच पुढचं पाणी वर आणतं.

जमिनीत ओल आहे तोवर हे छान चालतं. दिवाळीनंतर वरची माती सुकत जाते, ओढ तेवढीच राहते आणि नळ्यांमधली धार ताणली जाते. ताण फार वाढला तर धार तुटते आणि नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. ती नळी मग पाणी वाहायला निकामी होते. अशा पुष्कळ नळ्या बाद झाल्या तर फांदी मरते. म्हणून फांदी वाचवायला झाड पान सोडतं.

पान सोडणं हेही शिस्तीचं काम आहे. आधी पानातला हिरवा रंग मोडला जातो आणि त्यातला नायट्रोजन, फॉस्फरस असा कामाचा ऐवज फांदीत परत घेतला जातो. साधारण निम्म्याहून अधिक ऐवज असा वसूल होतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत पट्टा तयार होतो, त्याखाली बुचासारखा थर जखम बंद करतो, आणि वाऱ्याच्या झुळकीने पान गळतं. काटेसावरीची किंवा पांगाऱ्याची जाड डहाळी हातात घेऊन बघा. पान जिथे होतं तिथे गुळगुळीत, बंद झालेला वण दिसतो. तिथून आता थेंबही बाहेर जात नाही.

नळ बंद, टाकी भरते

कोड्याची किल्ली इथे आहे. उन्हाळ्यात सोसायटीला पाणी कमी दाबाने येतं. दिवसभर सगळ्यांचे नळ चालू असले तर गच्चीवरची टाकी कधीच भरत नाही. पण रात्री सगळे नळ बंद झाले की तीच बारीक धार टाकी भरून टाकते. झाडाचंही असंच होतं. पानं होती तोवर मुळांनी आणलेलं पाणी आल्या आल्या उडून जात होतं. पानं गळली, म्हणजे नळ बंद झाले. खालची मुळं मात्र अजून खोल मातीतून, खडकाच्या भेगांतून थोडं थोडं पाणी ओढतच आहेत. ते आता खोडात आणि फांद्यांत साठू लागतं. पाऊस न पडताही झाड आतून ओलं होत जातं.

पालवी फुटणं हाच त्याचा पुरावा आहे. कळीतलं पान मोठं होतं ते मुख्यतः पेशी पाण्याने फुगून. पेशीत पाण्याचा दाब नसेल तर पान उलगडूच शकत नाही. म्हणजे एप्रिलच्या उन्हात एखाद्या फांदीला पालवी दिसली तर ती फांदी त्या घटकेला पाण्याने भरलेली आहे, मग पायाखालची माती कितीही कोरडी असो.

सगळ्या झाडांची टाकी सारखी नसते. काटेसावर आणि पांगारा यांचं लाकूड हलकं आणि मऊ असतं. त्यात पाणी पुष्कळ मावतं, म्हणून मातीत ओल येण्याची वाट न बघता ही झाडं भर कोरड्यात फुलांचा खर्च करू शकतात. सागासारख्या घट्ट लाकडाच्या झाडात साठा कमी. तो उथळ, खडकाळ उतारावर असेल तर मे संपेपर्यंत किंवा वळवाची एखादी चांगली सर येईपर्यंत उघडाच राहतो. घळीतला साग मात्र उतारावरच्या सागाआधी पालवलेला दिसू शकतो, कारण घळीत ओल खोलवर टिकते. ऐनाची गोष्ट तर अजबच. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, त्यावरून तो लांबूनही ओळखता येतो. ऐनाच्या काही मोठ्या झाडांच्या खोडात पाणी साठतं आणि खोडाला चीर पडली तर ते वाहतं, हे कर्नाटकातल्या बांदीपूरच्या जंगलात नोंदलं गेलं आहे. तपासायला कुणी कोयता मात्र चालवू नये. असं पाणी फार थोड्या झाडांत सापडतं आणि खोडाला झालेली जखम कायमची राहते.

झाडाची तहान मोजायची कशी

हे सगळं नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. झाडाची तहान मोजता येते. १९६५ साली पेर शोलँडर आणि सहकाऱ्यांनी त्यासाठीची एक साधी, भक्कम पद्धत प्रसिद्ध केली. डहाळी कापायची, ती पोलादी डब्यात उलटी बसवायची आणि कापलेलं टोक डब्याबाहेर ठेवायचं. मग डब्यात हवेचा दाब हळूहळू वाढवायचा. झाड जितकं तहानलेलं, तितकं कापलेल्या टोकाशी पाणी उमटायला जास्त दाब द्यावा लागतो. दाब किती लागला, तेवढा झाडातला ताण.

मध्य अमेरिकेत कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागात आपल्यासारखीच पानगळी जंगलं आहेत आणि आपल्यासारखाच काही महिन्यांचा कोरडा काळ. रॉल्फ बोरशर्ट आणि पीटर राइक यांनी तिथल्या झाडांच्या पाण्याचा हिशेब मांडला. त्यांचा निबंध १९८४ चा. बोरशर्ट यांनी १९९४ मध्ये लाकडाची घनता आणि खोडातला पाणीसाठा यांची सांगड घालून दाखवली. पानं गळल्यावर पाऊस नसतानाही झाडातला ताण उतरतो आणि कोरड्या दिवसांत आकसलेली खोडं पुन्हा किंचित फुगतात, असं चित्र त्यातून पुढे आलं. कुठलं झाड कधी पालवणार हे पावसाच्या तारखेवरून कमी आणि झाडाच्या आतल्या पाण्यावरून जास्त ठरतं. खांडसच्या उतारावर साग उघडा आणि शेजारचा कुसुंब लाल का, त्याचं उत्तर हेच.

तारीख कोण सांगतं

पाणी भरलं, हे झालं. पण पालवीची वेळ दरवर्षी जवळपास तीच कशी साधते? गुढीपाडव्याच्या आगेमागे कुसुंब रंगतो, हे डोंगरातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

तापमानावर भरवसा ठेवणं अवघड, कारण फेब्रुवारी कधी थंड तर कधी चटका देणारा. दिवसाची लांबी मात्र कधी चुकत नाही. आपल्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १९ अंश उत्तरेला, डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस जेमतेम ११ तासांचा असतो आणि जूनमधला सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांच्या घरात. मार्चमध्ये दिवस रोज मिनिटभराने वाढतो. आपल्याला तो फरक जाणवतही नाही, झाडाला जाणवतो. वनस्पतींमध्ये फायटोक्रोम नावाचं प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य असतं आणि त्याच्या मदतीने रात्र किती आखूड झाली याचा अंदाज त्यांना येतो. रिव्हेरा, बोरशर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली उष्ण प्रदेशातल्या कोरड्या जंगलांबद्दल हेच मांडलं: वाढत्या दिवसाचा इशारा मिळाला की पाऊस नसतानाही काही झाडांना पालवी फुटते.

सगळीच झाडं या घड्याळावर चालत नाहीत. काहींना नुसती पानं गळून टाकी भरणं पुरतं, काहींना पहिली सर हवी असते. एकाच वाटेवर तिन्ही प्रकार भेटतात, म्हणून सह्याद्रीतली पालवी एका आठवड्यात उरकत नाही. ती फेब्रुवारीअखेरीपासून जूनपर्यंत टप्प्याटप्प्याने चालू राहते.

एवढी घाई का

पाणी आहे म्हणून ते लगेच खर्च करावं असं थोडंच आहे? जूनपर्यंत थांबलं तर पाणीच पाणी. मग उन्हात कोवळी पानं काढण्याचा धोका का पत्करायचा?

पानाच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक काळ कोवळेपणाचा. पान वाढत असताना ते मऊ असावंच लागतं, कारण कडक भिंतीची पेशी फुगू शकत नाही. मऊ पान म्हणजे अळ्यांसाठी मेजवानी. उष्ण प्रदेशातल्या पानाचं कीटक जे काही खातात त्याचा मोठा वाटा ते पान पुरतं जून होण्याआधीच्या थोड्या आठवड्यांत खाल्लेला असतो. कीटकांची फौज आपल्याकडे बाहेर पडते ती पहिल्या पावसाबरोबर. एप्रिलच्या रखरखाटात ती कमी असते. जे पान एप्रिलमध्ये फुटतं ते जूनपर्यंत जाड, चिवट होऊन बसलेलं असतं, आणि अळ्या येतात तेव्हा त्यांना चावायला कठीण जातं.

तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या पानगळी जंगलात के. एस. मुरली आणि रमण सुकुमार यांनी हे प्रत्यक्ष मोजून पाहिलं. त्यांचा निबंध १९९३ साली आला. तिथेही पालवीचा जोर पावसाच्या आधी, कोरड्या दिवसांत होता, आणि उशिरा पालवलेल्या झाडांची पानं कीटकांनी जास्त खाल्ली होती. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर पालवणाऱ्या सागावर कधी कधी अळ्यांची अशी धाड पडते की आठवड्याभरात नव्या पानांच्या नुसत्या शिरा उरतात. साठा कमी असल्याने साग थांबतो, आणि थांबण्याची किंमत मोजतो.

दुसरं कारण उन्हाचं. जुलै-ऑगस्टमध्ये भीमाशंकरच्या डोंगरावर दिवसच्या दिवस ढग आणि धुकं असतं. पाणी मुबलक, पण प्रकाश बराच कमी. मे-जूनच्या सीमेवर मात्र ऊन कडक असतं आणि पहिल्या सरी येऊन गेलेल्या असतात. प्रकाश आणि पाणी दोन्ही हाताशी असण्याचा तो थोडका काळ पकडायचा, तर पानं आधीच तयार हवीत. मला स्वतःला ही बाजू अळ्यांइतकीच महत्त्वाची वाटते. पावसाळ्यात या वाटेवर भर दुपारी झाडीखाली जो काळोख असतो तो बघितला, की सूर्याचं मोल झाडाला किती असेल ते कळतं.

फुलांचं गणितही यालाच जोडलेलं आहे. पळस, पांगारा, काटेसावर निष्पर्ण असताना फुलतात, त्यामुळे लाल-केशरी फुलं लांबून दिसतात आणि मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी यांना मध्ये पानांचा अडथळा राहत नाही. पाण्याच्या टंचाईत पातळ, गोड रस मिळतो आणि पक्ष्याच्या कपाळाला लागलेला पराग पुढच्या झाडावर जातो. मग काटेसावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये तडकून कापूस वाऱ्यावर जातो. पळसाची शेंग चपटी, टोकाशी एकच बी असलेली. ती पावसाच्या तोंडावर उडत खाली येते, म्हणजे बी पडतं ते ओल्या होऊ घातलेल्या मातीत.

लाल पालवी

कुसुंबाची एक फांदी जवळ ओढून बघा. शेंड्याची पानं गडद लाल, त्याखालची तांबूस, मग पोपटी, आणि सगळ्यात खाली पक्की हिरवी. एकाच डहाळीवर पानाचं सगळं बालपण मांडलेलं असतं. शेंड्याचं पान बोटात धरलं तर लिबलिबीत लागतं, त्याला अजून ताठपणा नसतो, आणि ते खाली लोंबत असतं. आंब्याची कोवळी पानंही अशीच लोंबतात.

हा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. जांभळाचा आणि जास्वंदाचा रंगही याच कुळातला. कोवळ्या पानात हरितद्रव्याची यंत्रणा अजून पुरती बसलेली नसते. तिच्यावर एप्रिलचं पूर्ण ऊन पडलं तर घेतलेली ऊर्जा वापरायला जागा नसते, आणि ती उरलेली ऊर्जा पेशीतच नासधूस करते. अँथोसायनिन प्रकाशातला हिरवा-निळा भाग शोषून घेतं आणि आतल्या अर्धवट यंत्रणेपर्यंत कमी पोचू देतं. लोंबणाऱ्या पानावर दुपारचं ऊन तिरकं पडतं, त्याचाही आडोसा होतो. यंत्रणा तयार झाली की लाल रंग ओसरतो आणि हिरवा वर येतो.

अभ्यासक आणखी कारणं सुचवतात. बऱ्याच कीटकांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे लाल पान त्यांच्या नजरेतून सुटत असेल. शिवाय झाड कोवळ्या पानात मौल्यवान नायट्रोजन फारसा घालत नाही. पान टिकणार अशी खात्री झाल्यावरच तो भरतं, म्हणजे अळीने खाल्लं तरी नुकसान कमी. यातलं कुठलं कारण किती मोठं, यावर अजून वाद चालू आहे. झाडागणिक उत्तर वेगळं असणंही शक्य आहे.

पदरावरचं रान

पहिला दमछाकीचा चढ संपला की वाट अचानक सपाटीवर येते. हा पदर, म्हणजे वरच्या आणि खालच्या कड्यांमधली रुंद पायरी. बाजूला पदरगडाचा सुळका उभा असतो. इथे झाडी एकदम दाट होते, सावली गारवा देते, खालच्यापेक्षा पालवी जास्त पुढे गेलेली दिसते. पाऊस खाली-वर तितकाच बंद, मग इथे ओल कुठून?

उत्तर दगडात आहे. हा डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. काही थर घट्ट, न झिजणारे. त्यांचे कडे होतात. काही थर मऊ, पोकळ्यांनी भरलेले; ते झिजून मागे सरतात आणि त्यांचे पदर होतात. कड्यावरून घरंगळलेली माती आणि पालापाचोळा पदरावर साचतो. पावसाळ्यात दगडाच्या उभ्या भेगांतून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थराला अडलं की आडवं सरकतं आणि पदराच्या मुळाशी पाझरतं. उन्हाळ्यात वाटेवर एखादा पाझर दिसला तर त्याच्या वर कडा आणि खाली सपाटी असते का, तेवढं बघा. झाडांची मुळं याच भेगा शोधत जातात, आणि मार्चमधली टाकी भरते ती मागच्या जुलैत मुरलेल्या पाण्याने.

या उंचीवर हिरडा भेटू लागतो. मार्च-एप्रिलमध्ये त्याला पालवी आणि मोहोर दोन्ही येतात. फळ धरल्यावर आतला बाठा टणक होण्याआधीच जे कोवळं फळ गोळा करतात तो बाळहिरडा. आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरात राहणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांची उन्हाळ्यातली कमाई बरीचशी या बाळहिरड्यावर चालते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातली हिरड्याची पुष्कळ झाडं मोडली, उन्मळून पडली. मोठा हिरडा तयार व्हायला माणसाच्या आयुष्यातली अनेक वर्षं जातात, हे लक्षात घेतलं की ते नुकसान एका हंगामाचं नव्हतं हे समजतं.

माथ्यावरची सावली

पदरानंतरचा शेवटचा चढ जंगलातूनच आहे. माथ्याजवळ आलं की पायाखालचा वाळका पाला मऊ होतो, आवाज कमी होतो आणि ऊन तुकड्यातुकड्यांनीच खाली पोचतं. हे सदाहरित रान: अंजनी, जांभूळ, पिसा यांचं. इथे पूर्ण उघडं पडलेलं झाड जवळपास दिसत नाही. सदाहरित म्हणजे पान कधी न गाळणारं असं नाही. ही झाडंही पानं बदलतात, पण जुनी असतानाच नवी काढतात, म्हणून बोडकी होत नाहीत. त्यांची पानं जाड आणि मेणचट असतात, पाणी कमी सोडतात. अंजनीच्या फांद्यांवर याच दिवसांत निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे झुबके येतात, थेट जून फांदीला चिकटून.

खाली जंगल उघडं आणि वर हिरवं, हे कसं? ८०० मीटर चढल्यावर हवा साधारण पाच अंशांनी थंड होते आणि थंड हवा पानातलं पाणी कमी ओढते. वर पाऊस जास्त: वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. समुद्राकडून येणारा दमट वारा कड्याला अडून वर चढतो, तोही उन्हाळ्यात थोडा ओलावा पोचवतो. दाट झाडी स्वतःची सावली आणि स्वतःची ओल राखते. ती एकदा तुटली की ऊन जमिनीपर्यंत येतं आणि परत तसंच रान उभं राहणं कठीण होतं.

हे रान टिकण्यात माणसांचाही हात आहे. देवाच्या नावाने राखलेल्या रानांना आपल्याकडे देवराई म्हणतात. त्यांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला आणि पश्चिम घाटातल्या देवरायांकडे जगाचं लक्ष गेलं. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, इथेच पाहायला लोक येतात. शेकरूचा सगळा संसार झाडाच्या शेंड्यांवर असतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जायला त्याला एकमेकांना भिडलेल्या फांद्या लागतात. म्हणून तो माथ्यावरच्या अखंड छताखाली सहज दिसतो आणि पायथ्याच्या उघड्या सागवनात फारसा नाही.

> वाटेवर काय बघाल
> खांडसजवळ: उघड्या डहाळीवरचे देठांचे बंद वण, उतारावरचा आणि घळीतला साग, दोघांत आधी कोण पालवला.
> पहिल्या चढावर: कुसुंबाची एकच फांदी, शेंड्यापासून बुडापर्यंत, लालपासून हिरव्यापर्यंत.
> पदरावर: कड्याच्या मुळाशी पाझर, हिरड्याचा मोहोर.
> माथ्याजवळ: अंजनीची निळी फुलं, उंच फांद्यांत काटक्या-पानांची शेकरूची घरटी.
> कधी: मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलमध्य. पहाटे निघून अकराच्या आत पदर गाठावा. प्रत्येकी किमान तीन-चार लिटर पाणी. वाटेवरच्या पाझरांवर भिस्त ठेवू नये.

वणव्याचा हिशेब

याच महिन्यांत या वाटेला सर्वांत मोठा धोका असतो तो आगीचा. फेब्रुवारी ते मे सगळा उतार वाळक्या पाल्याने आणि गवताने झाकलेला असतो. एक विडी पुरते. वणवा जमिनीलगत पसरतो, मोठा साग किंवा ऐन जाड सालीमुळे वाचतो, आणि लोकांना वाटतं की फार काही झालं नाही. पण बोटाएवढी रोपं, गेल्या पावसात रुजलेलं बी, पातळ सालीची झाडं जातात. आग वर सदाहरित रानाच्या कडेला शिरली तर अंजनी-पिसाला असं कवच नसतं.

त्याहून मोठं नुकसान दिसत नाही. पालापाचोळ्याचा थर जळाला की जूनचा पहिला जोरदार पाऊस उघड्या मातीवर पडतो. पाणी मुरण्याऐवजी उतारावरून वाहून जातं आणि माती सोबत नेतं. भेगांत कमी पाणी शिरतं, पदरावरचे पाझर लवकर आटतात, आणि पुढच्या मार्चमध्ये झाडाची टाकी अर्धीच भरते. पालवी उशिरा येते, कमी येते, आणि जी येते ती अळ्यांच्या वेळेत सापडते.

वनखात्याची माणसं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे गवत-पाला काढून आगीला अडवणारे पट्टे साफ करतात. वाटेवर असे पट्टे दिसले तर ते तुडवून पाला पुन्हा त्यावर ओढू नका. चूल पेटवू नका, सिगारेट-विडी नको. कुठे धूर दिसला तर जागा नीट लक्षात ठेवा आणि रेंज मिळेल तिथून वनखात्याच्या १९२६ या मोफत क्रमांकावर कळवा. नाहीतर खाली उतरल्यावर पहिल्या गावात सांगा.